गोळ्या, स्टेंट की बायपास: माझ्या बाबतीत कसं ठरलं

अँजिओग्राफीचा रिपोर्ट घरात आला की सगळी भावकी डॉक्टर होते. माझ्या रिपोर्टवर ‘ट्रिपल व्हेसल डिसीज’, म्हणजे हृदयाच्या तिन्ही मोठ्या नळ्यांत अडथळा, असं लिहून आलं आणि दिवस मावळायच्या आत उपचारही ठरून गेले. शेजारच्या फौंड्रीवाल्यानं स्टेंट (नळी उघडी ठेवणाऱ्या जाळ्या) सांगितले, साडूनं बायपास, येळ्ळूरच्या बहिणीनं आलं-लसणाचा काढा, आणि एका गिऱ्हाइकानं पेपरातून पडलेलं ‘बिनाऑपरेशन ब्लॉकेज साफ’ असं पत्रक आणून दिलं. ज्याला जे लागू पडलं होतं ते त्यानं मनापासून सांगितलं. फक्त त्यातल्या कुणालाच माझ्यासारखी शुगर नव्हती आणि तिन्ही नळ्यांत अडथळा नव्हता.

मी बेळगावात उद्यमबागेत लेथ-मिलिंगचं छोटं वर्कशॉप चालवतो. वय 58, शुगर बारा-तेरा वर्षांची. तक्रार सुरू झाली ती चालताना. वर्कशॉपमधून तिसऱ्या रेल्वे गेटकडे निघालो की ठरावीक अंतरावर छातीच्या मधोमध दाबल्यासारखं व्हायचं आणि जबड्यापर्यंत चढायचं. दोन मिनिटं थांबलं की गेलं. पुन्हा चाललो की पुन्हा तेवढ्याच अंतरावर. डॉक्टरांनी सगळ्यात जास्त प्रश्न याच गोष्टीवर विचारले: किती चालल्यावर येतं, किती वेळ टिकतं, बसल्या जागी कधी आलं का, गेल्या महिन्यापेक्षा वाढलंय का. श्रम केले की येणारं आणि थांबलं की जाणारं दुखणं म्हणजे ‘स्टेबल अंजायना’. बसल्या जागी येणारं, वाढत जाणारं किंवा घाम फोडणारं दुखणं वेगळं, तिथं वेळ नसतो. माझ्याकडे वेळ होता. पुढचं सगळं त्या वेळेमुळेच जमलं.

टीएमटीत पट्ट्यावर चालताना ईसीजी बदलला. टू-डी एकोमध्ये पंपिंग 55 टक्के, म्हणजे हृदयाचा स्नायू शाबूत. मग अँजिओग्राफी. मनगटातून नळी घातली, दुखलं असं काही नाही, रंग सोडला की अंगातून गरम लाट जाते एवढंच. मी टेबलावर असतानाच मुलाला आत बोलावलं. पडद्यावर माझं हृदय हलत होतं आणि डॉक्टर त्याला सांगत होते, “तीन ठिकाणी आहे. दोन स्टेंट आत्ताच घालून टाकू, तिसरं नंतर बघू. इथं सही करा.” मुलानं विचारलं, “आत्ता नाही घातले तर?” उत्तर आलं, “मग रिस्क तुमची.”

तो घाबरला, पण त्यानं सही केली नाही. “आप्पाला विचारून सांगतो,” म्हणाला. आप्पा तिथंच पाच फुटांवर झोपलेला होता, पूर्ण शुद्धीत. त्या दवाखान्याचं नाव घेत नाही. पण ही जी घाई असते ती कुणाच्या सोयीची असते हे ज्यानं त्यानं विचारावं. हार्ट अटॅक आलेला असेल तर घाई हाच उपचार. आमच्याच गल्लीतल्या एका फौंड्री कामगाराला पहाटे अटॅक आला, तासाभरात कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी होते त्या खोलीत, नेऊन नळी उघडली, तो आज ड्युटीवर आहे. अशा वेळी सेकंड ओपिनियन, अँजिओग्राफीच्या चित्रणाची सीडी, चर्चा यातलं काहीही करायचं नाही. कॅथलॅब लांब असेल, खानापूरच्या आतल्या गावांना असते तशी, तर जवळच्या तालुका दवाखान्यात गाठ वितळवणारं इंजेक्शन आधी घ्यायचं. कर्नाटक सरकारची पुनीत राजकुमार यांच्या नावाची हृदयज्योती योजना त्यासाठीच आहे. पण मी चालत दवाखान्यात आलेला माणूस होतो, डाव्या नळीचं मुख्य खोड स्वच्छ होतं, पंपिंग चांगलं होतं. माझ्या बाबतीत आठवडा-दोन आठवडे विचार करायला हरकत नव्हती, हे पुढे भेटलेल्या दोघाही डॉक्टरांनी सांगितलं.

बाहेर पडताना सीडी मागून घेतली. रिपोर्टचा कागद सगळे देतात, सीडी मागावी लागते. दुसऱ्या डॉक्टरला कागदावरचे टक्के नको असतात, त्याला सिनेमा बघायचा असतो.

भाची मिरजेला एमडी करते. तिनं पहिल्याच फोनवर माझं डोकं ताळ्यावर आणलं. मी तिला म्हटलं, नळी चोक झालीय, साफ करायची की दुसरी टाकायची एवढाच प्रश्न आहे. माझा जन्म कूलंटच्या पायपांत गेलाय, मला तेच सुचणार. ती म्हणाली, “मामा, पायपासारखं आत काही साचत नाही. भिंतीच्या आत साचतं. भिंत फुगते.” आणि अटॅक येतो तो ही फुगलेली जागा फाटते आणि वर रक्ताची गाठ धरते तेव्हा. बऱ्याचदा फाटणारी जागा 90 टक्केवाली नसते, चाळीस-पन्नास टक्केवालीच असते, जिचा चालताना पत्ताही लागत नाही. हे डोक्यात बसलं आणि तिन्ही उपचारांचा अर्थ लागला. स्टेंट एका जागेची सोय करतो. बायपास त्या जागेच्या पुढे नवीन वाट जोडतो, त्यामुळे मागं उद्या आणखी एखादी जागा बिघडली तरी पुढच्या स्नायूला रक्त मिळत राहतं. आणि गोळ्या सगळ्या नळ्यांच्या सगळ्या भिंतींवर काम करतात, जिथं स्टेंटही नाही आणि टाकाही नाही तिथंसुद्धा.

तिनं एक प्रश्न वहीत लिहून घ्यायला लावला: “या उपचारानं माझं दुखणं कमी होणार, की आयुष्य वाढणार, की दोन्ही?” मी तो प्रत्येक ठिकाणी विचारला. काही जण सरळ बोलले. एक जण म्हणाले, “तुम्ही पेशंट आहात की वकील?”

गोळ्यांचं आधी सांगतो, कारण आपल्याकडे ‘नुसत्या गोळ्या’ म्हणजे उपचार टाळला असं समजतात. तसं नाही. 2007 मध्ये करेज नावाचा अभ्यास आला, 2,287 रुग्णांवरचा. स्टेबल अंजायनात गोळ्यांवर भर देऊन शिवाय स्टेंट घातले तरी मृत्यू किंवा अटॅक कमी झाले नाहीत. मग 2020 मध्ये इस्केमिया नावाचा मोठा अभ्यास छापून आला, 5,179 रुग्ण. तिथंही साधारण तेच: सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केलेल्यांचं आयुष्य सुरुवातीला गोळ्यांवर ठेवलेल्यांपेक्षा वाढलेलं दिसलं नाही. छातीतलं दुखणं मात्र ज्यांना जास्त होतं त्यांना उपचारानं चांगलाच आराम पडला. पण त्या अभ्यासात मुख्य खोडात अडथळा असलेले आणि पंपिंग 35 च्या खाली गेलेले रुग्ण घेतलेले नव्हते. म्हणजे ‘गोळ्या पुरतात’ हे वाक्य कुणालाही उचलून लावता येत नाही. आमच्याच एका नातेवाइकाला एकाच बारक्या फांदीत अडथळा होता, तो आज अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि बीटा ब्लॉकर (ठोके आवरणारी गोळी) यांवर आहे, गणपतीत ढोल वाजवतो. त्याचं बरोबर आहे. त्याचं मला लागू नाही.

स्टेंटबद्दल मला धंद्यामुळं जरा जास्तच कुतूहल होतं. कोबाल्ट-क्रोमियमची जाळी, तारेची जाडी 60 ते 80 मायक्रॉन, वर औषधाचा थर. आम्ही लेथवर पाच-दहा मायक्रॉनसाठी घाम गाळतो आणि ही माणसं धडधडत्या हृदयात ती जाळी मिलिमीटर धरून बसवतात. माझ्यासाठी लिहिलेलं एक माप 2.75 बाय 28 होतं. फुग्यानं नळी उघडायचं काम पहिल्यांदा झुरिचला 1977 मध्ये ग्रुंटझिग यांनी केलं, आणि सुरुवातीचे फुगे त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून बनवले होते, हे वाचून तर मला त्या माणसाबद्दल आपुलकीच वाटली. किमतीचं म्हणाल तर पूर्वी औषधाचा एकेक स्टेंट लाखाच्या पुढं विकला जायचा. 2017 च्या फेब्रुवारीत केंद्रानं कमाल किंमत 29,600 रुपये ठरवली, आता ती 38 हजारांच्या पुढे आहे. बिलात स्टेंटचा आकडा याच्या वर दिसला तर विचारायचं.

दुसरं मत कोल्हापूरला एका कार्डिओलॉजिस्टकडे घेतलं. ते स्वतः स्टेंट घालणारे, म्हणून त्यांचं ऐकताना मी सावध होतो. त्यांनी सीडी पुन्हा पुन्हा फिरवली. एलएडी, म्हणजे पुढची मोठी नळी, सुरुवातीलाच 85 टक्के आणि लांबलचक, उजवीकडे 90, बाजूच्या सर्कम्फ्लेक्सला 70, आणि या 70 वाल्याला खरंच रक्त कमी पडतंय का ते एफएफआरच्या तारेनं दाब मोजून बघता येईल म्हणाले. मग अडथळे किती गुंतागुंतीचे आहेत ते मोजणारा सिंटॅक्स स्कोअर काढला. 22 पर्यंत सोपं, 33 पासून पुढं अवघड. माझा 27 आला. “करता येईल,” ते म्हणाले, “चार स्टेंट लागतील. तुम्हाला शुगर नसती तर मी स्वतः केलं असतं. शुगर आहे म्हणून सर्जनला भेटा.”

शुगरवाल्यांचं गणित वेगळं का, हे त्यांनी 2012 च्या फ्रीडम अभ्यासावरून सांगितलं. 1,900 मधुमेही, एकापेक्षा जास्त नळ्यांत अडथळे. निम्म्यांना स्टेंट, निम्म्यांना बायपास. पाच वर्षांत मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काही झालं असे स्टेंटवाल्यांत 26.6 टक्के, बायपासवाल्यांत 18.7. पण नुसता पक्षाघात बघितला तर स्टेंटमध्ये 2.4 आणि बायपासमध्ये 5.2. हा दुसरा आकडाही त्यांनी न विचारता सांगितला, म्हणून माझा विश्वास बसला. मी घरी येऊन ते आकडे जॉबकार्डाच्या मागं लिहिले आणि बायकोला दाखवले. ती म्हणाली, “अहो, आकडे राहू देत, छाती फाडणार ना?” तिचा प्रश्नही चुकीचा नव्हता.

बेळगावच्या सर्जनना भेटायला ती सोबत आली. तिनंच विचारलं, त्यांनी सगळं सांगितलं. छातीचं हाड मधोमध कापतात, मग स्टीलच्या तारेनं बांधतात, तारा आत कायमच्या. छातीच्या आतल्या भिंतीवरची डावी धमनी सोडवून एलएडीला जोडणार, बाकीच्या दोन जागांसाठी पायातली शीर. छातीतल्या धमनीचा जोड दहा वर्षांनीही शंभरात नव्वदांचा चालू असतो; पायाच्या शिरांचे दहा वर्षांत निम्म्याच्या आसपास बंद पडतात. हे बहुतेकांना कुणी सांगत नाही. ‘तीन बायपास’ म्हणजे तीनही सारखे, असं नसतं. शक्य तिथं हृदय चालू ठेवूनच टाके घालतात, आपल्या देशात तसं बऱ्याच ठिकाणी करतात. धोका किती? माझ्या प्रकृतीच्या माणसाला मृत्यूचा धोका शंभरात एक ते दोन. “शून्य म्हणणारा सर्जन भेटला तर तिथून निघा,” म्हणाले. माझ्या वहीतल्या प्रश्नावर त्यांचं उत्तर सरळ होतं: तुमच्या बाबतीत दोन्ही.

काढा आणि मशीन यांचंही विचारलं, कारण बहीण रोज फोन करत होती. काढा म्हणजे आलं, लसूण, लिंबू, व्हिनेगर उकळून मध घालायचा, तुमच्याही फोनवर आला असेल. त्यानं बनलेला अडथळा विरघळत नाही, आणि शुगरवाल्याला सकाळ-संध्याकाळ मध पाजणं हे वर. मशीन म्हणजे ईईसीपी: पायांना पट्टे बांधून ठोक्याच्या तालावर हवेनं दाबायचं, तासाभराची एक अशी 35 सिटिंग. ते थोतांड नाही, ज्यांना स्टेंटही शक्य नाही आणि बायपासही नाही अशांचं दुखणं त्यानं हलकं होऊ शकतं. पण त्यानं ब्लॉकेज साफ होत नाही, आणि पत्रकात तेच मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. बहिणीला एवढंच सांगितलं की डॉक्टरांनी मध बंद केलाय. तिचा मान राहिला.

पैशाचं थोडक्यात. बायपास आणि चार स्टेंट यांचे मला मिळालेले अंदाज जवळजवळ सारखेच, अडीच लाखांच्या आसपास. आमचं कार्ड एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरचं. कर्नाटकच्या आयुष्मान-आरोग्य योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, आणि एपीएलला पॅकेजच्या 30 टक्के, दीड लाखांच्या मर्यादेत. तातडी नसेल तर खाजगीत जायला आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, आमच्याकडे त्यासाठी बिम्समध्ये, म्हणजे बेळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, रांग. महाराष्ट्रानं 2023 मध्ये आपली महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू केली, कर्नाटकानं हरकत घेतली. साडूचं म्हणणं तिकडून करून बघू. मी म्हटलं, दोन सरकारांचा निकाल लागेस्तोवर माझ्या एलएडीला धीर धरवणार नाही. मेडिक्लेम होता, तो आणि एपीएलचा वाटा मिळून भागलं.

ऑपरेशनच्या आधी तयारीत बरेच दिवस गेले, त्यात शुगर खाली आणणं हे मोठं काम. क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी पाच दिवस आधी बंद, अ‍ॅस्पिरिन चालू. मानेच्या नळ्यांचा डॉपलर केला, पक्षाघाताचा धोका बघायला. संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत होतं. कन्नड मी दिवसभर कामगारांशी बोलतो, वाचताना मात्र अडखळतो, तर सिस्टरनं बसून एकेक ओळ सांगितली. सही मीच केली.

शुद्धीवर आलो तेव्हा घशात नळी, छातीतून दोन नळ्या, बोलता येत नाही. तेवढे काही तास वाईट. त्यानंतर सगळ्यात जास्त छळलं ते तीन गोळ्यांच्या त्या प्लॅस्टिकच्या खेळण्यानं. नळीनं हवा आत ओढायची आणि गोळ्या वर उचलायच्या, फुफ्फुसं उघडायला. पहिल्या दिवशी एकच गोळी जेमतेम हलली. सिस्टर डोक्याशी उभी: “उसिरु तगोरी अण्णा, इन्नू जोरागि!” (श्वास घ्या अण्णा, अजून जोरात!) खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, नाहीतर हाड दोन्हीकडून ओढल्यासारखं होतं. गंमत म्हणजे घरी आल्यावर छातीपेक्षा पायच जास्त दुखला. शीर काढलेला पाय सुजायचा, टाक्यांच्या कडेनं बधिर आणि मध्येच खाज. याची कल्पना आधी द्यायला हवी. महिनाभर उताणं झोपायचं, कूस बदलायची नाही. हाड जुळायला दोन-अडीच महिने. तोवर स्कूटर नाही, वजन नाही. मला लेथचा चक उघडायची किल्लीसुद्धा उचलू देत नव्हते. आणि तिसऱ्या आठवड्यात काही कारण नसताना रडू यायला लागलं. सर्जननं सांगितलं, बऱ्याच जणांना होतं, निघून जातं. गेलं.

स्टेंट घातलेला माझा मित्र दोन दिवसांत घरी होता आणि आठवड्यात कामावर. हा फरक लहान नाही. वय ऐंशी असतं, फुफ्फुसं खराब असती, किंवा घरात बघायला कुणी नसतं तर मी कदाचित चार स्टेंटच घेतले असते, आणि तेही चाललं असतं. फक्त स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या ठरलेल्या मुदतीपर्यंत, साधारण सहा महिने ते वर्षभर, एक दिवसही चुकवायच्या नाहीत. दात काढायचा म्हणून परस्पर बंद केल्या आणि स्टेंटमध्ये गाठ धरली, असं झालं तर तो थेट मोठा अटॅक.

आता लोक मला फोन करतात, काय करू म्हणून. मी उपचार सांगत नाही. शुगर आहे का, पंपिंग किती, मुख्य खोडात आहे का, एलएडीच्या सुरुवातीला आहे का, दुखणं बसल्या जागी येतं का, एवढं विचारतो. निम्म्या जणांना यातलं काहीच माहीत नसतं, फक्त ‘नव्वद टक्के’ पाठ असतं. त्यांना म्हणतो, आधी सीडी आण, मग स्टेंटवाला आणि सर्जन दोघांनाही दाखव.

तिसरं गेट आता न थांबता ओलांडतो. गोळ्या सुटलेल्या नाहीत, सुटणारही नाहीत. बायपास झाला म्हणून भिंतींचा आजार गेलेला नाही. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 68 वर आलंय, डॉक्टरांना 55 च्या खाली हवंय, म्हणून रोसुवास्टॅटिनच्या जोडीला इझेटिमाइब ही आणखी एक कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केलीय. पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त द्यायचंय.